डाव्या हातमोज्यावरचा लाल दोरा

प्रिय भिंगरी,

सायकल खोक्याबाहेर काढायच्या आधी हे वाच. फोनवरच सांगणार होते, पण तुझा फोन आला की तुझा बाबा झडप घालून उचलतो आणि लगेच स्पीकर लावतो, हे तुला ठाऊक आहे. मेसेज करावा तर कामाच्या गडबडीत अर्धाच वाचून तू त्यालाच फोन लावशील. म्हणून हे पत्र तुझ्या हेल्मेटमध्ये खोचलं आणि खोकं माझ्या हातानं बंद केलं.

घराचं म्हणशील तर तुमच्या सायकल शर्यतीनं घर कधीच ताब्यात घेतलंय. जेवणाच्या टेबलावर चेन वाळत पडलेली असते. माझ्या चहाच्या गाळणीतून त्यानं कसलंसं तेल गाळलं आणि वर मलाच म्हणाला, आता चहालाही वेग येईल. सरावाहून आला की गार पाण्याच्या टबात पाय सोडून बसतो आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल असा ओरडतो. रोजच्या टप्प्याची वेगळी पिशवी भरून ठेवलीय, प्रत्येकीत कपडे, मिठाच्या गोळ्या, जादा ट्यूब. दुकानात गिऱ्हाईक पंक्चर घेऊन ताटकळतंय आणि हा त्याला डोंगराची उंची ऐकवतोय. जोडीची शर्यत आहे, दोघांनी बरोबरच पोहोचायचं, एक थांबला तर दुसराही बाद, हे आता आमच्या दूधवाल्यालाही पाठ झालंय. ‘माझी लेक आणि मी, एकाच नंबरावर’ हे वाक्य तो इतक्यांदा म्हणतो की मी ऐकून कंटाळते, आणि एखाद्या दिवशी म्हणाला नाही तर काळजी वाटते. डोंगर चढून पुन्हा खालीच यायचं असेल तर मुळात चढायचा कशाला, या माझ्या प्रश्नाला मात्र अजून कोणी धड उत्तर दिलेलं नाही.

मध्यंतरी त्यानं मला डाव्या हातमोज्यावर लाल दोऱ्याचे टाके घालायला सांगितले. अंगठ्याजवळ, सहज दिसतील असे. धुण्यात जोड्या बदलतात म्हणाला. शिलाई मशीन चालवून माझा जन्म गेला, हातमोज्यांची जोडी बदलते म्हणजे काय होतं हे मला कळेना, पण म्हटलं, याच्या डोक्यात काय भरेल सांगता येत नाही. घातले टाके.

मग एकदा दुकानात डबा घेऊन गेले, तर हा एका सायकलच्या डाव्या पेडलशी झगडत होता. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे लग्नानंतर मला त्यानंच शिकवलं होतं, आणि तेही असं फुशारकीनं, की जणू तो शोध त्याचाच. त्या दिवशी तोच माणूस पेडल सोडवायच्या ऐवजी आवळत बसला होता आणि पान्याला शिव्या देत होता. मी डबा ठेवला आणि घरी आले. त्याआधी एकदा टेकडीवरून सराव करून परतताना तो आपल्या गल्लीच्या उलट दिशेला वळला होता, तेही मी हसण्यावारी नेलं होतं.

गेल्या आठवड्यात त्यानं, तू दुरुस्तीला पाठवलेल्या तुझ्या सायकलचे ब्रेक खोलून, तेल बदलून परत बसवले. सीटचं कव्हर मी नवीन शिवलं होतं, ते नीट बसतंय का बघावं म्हणून मी सायकल गल्लीच्या उतारावर नेली. आपल्या घरात पुढचा ब्रेक उजव्या हाताला, मागचा डाव्या, हा त्याचा नियम तुझ्या पहिल्या सायकलपासूनचा. मी डावा दाबला आणि पुढचं चाक जागच्या जागी थांबलं. मी हँडलवरून रस्त्यावर. कोपर सोलवटलं, बाकी धडधाकट आहे, उगाच जीव टांगणीला लावू नकोस. त्या उतारावर एखादं पोर तीनचाकी चालवेल. तुमचे उतार कसे असतात ते तूच मला फोटोत दाखवलेस.

तो धावत आला. आधी माझं कोपर बघितलं, मग हँडल. तिथेच खाली बसला. बऱ्याच वेळानं सायकल दुकानात नेली आणि ब्रेक पुन्हा लावले, शेजारी तो हातमोजा ठेवून. एक बोल्ट आवळायचा की हातमोज्याकडे बघायचं. मी दारात उभी होते. माझ्याकडे न बघता म्हणाला, “तिला सांगू नकोस. ही एवढी शर्यत होऊ दे, मग म्हणशील त्या डॉक्टरकडे येतो. उतारावर मी तिला पुढे काढीन, म्हणजे पडलो तरी तिच्या अंगावर नाही पडणार.” त्यानं सगळा विचार करून ठेवला होता गं. स्वतःच्या पडण्याचासुद्धा.

भिंगरी, मला फार भीती वाटते आहे. शर्यतीची नाही, हे नेमकं काय आहे आणि कुठवर जाणार आहे, त्याची.

तेव्हा दोन गोष्टी कर. सायकल आधी दुसऱ्या कारागिराकडून तपासून घे. त्यानं ब्रेक बरोबर लावलेत, मी पाहिलंय, तरीही. आणि दुसरी गोष्ट मागताना जीभ रेटत नाही, कारण वर्षभर तू पहाटे उठून काय घाम गाळलास ते मला माहीत आहे. खोकं उघडल्यावर त्याला फोन कर आणि सांग की तुझा गुडघा पुन्हा दुखायला लागलाय. मी त्याच्यापुढे रडले, भांडले, तरी तो थांबला नाही. स्वतःसाठी तो थांबायचाच नाही. पण तुझा गुडघा म्हटलं की एक शब्द न बोलता सगळ्या पिशव्या रिकाम्या करेल, आणि वर तुलाच समजावेल की पुढच्या वर्षी जाऊ.

तुझीच,
आई