भावाचा आकडा आणि माझी नजर

मी, खाली सही करणारा, वय बासष्ट, धंदा पूल या खेळाची टेबले बसवणे, दुरुस्त करणे व स्वतःचा सहा टेबलांचा हॉल चालवणे, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली नसताना, ही माझी शेवटची इच्छा लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्याच डोक्यात उजव्या डोळ्यामागे गाठ आहे आणि ती उद्या सकाळी आठ वाजता काढायची आहे. "नजर जाऊ शकते, बोलणं जाऊ शकतं, याहून जास्तही काही होऊ शकतं," असे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितले. म्हणून हे आजच. यापूर्वीचे मृत्युपत्र, ज्यात माझ्या धाकट्या भावाचा उल्लेखही मी मुद्दाम टाळला होता, ते रद्द समजावे.

कलम १. राहते घर, त्यातील सामान आणि बँकेतील ठेवी पत्नीच्या. ती असेपर्यंत घर विकण्याचा विषय कोणी तिच्यापुढे काढू नये. स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी मी चार वर्षे 'उद्या बसवतो' म्हणत आलो. ती तिने दुसऱ्या कोणाकडून तरी बसवून घ्यावी.

कलम २. हॉल, सहाही टेबले, माझी सर्व हत्यारे आणि हॉलचे नाव माझ्या मुलीला. याचे कारण लिहिणे भाग आहे.

गेले वर्षभर माझे सोपे फटके चुकू लागले होते. मी आधी टेबलावर खापर फोडले, तीनदा पातळी तपासली. मग दिव्यांवर. मग गिऱ्हाइकांच्या बडबडीवर. जन्मभर मी नजरेच्या अंदाजाने खेळलो. कोन मोजणाऱ्यांना हसलो. एका दुपारी हॉल रिकामा असताना मुलीने माझ्या हातातला क्यू, म्हणजे बॉल मारायची काठी, काढून घेतला.

"बाबा, मारू नका. नुसतं बोटाने दाखवा, बॉलला कुठे लागलं तर तो आत जाईल."

मी दाखवले. तिने खडूने खूण केली. असे बारा वेळा झाले.

"बाराही वेळा उजवीकडे. सारख्याच अंतराने. अंदाज चुकला असता तर कधी इकडे, कधी तिकडे चुकला असता. हे डोळ्याचं आहे, डॉक्टरांकडे चला."

"आणि खरी जागा तुला कशी कळली?"

तिने खडू खाली ठेवला. मग म्हणाली, "मोजून. काकांच्या वहीवरून."

चार वर्षे ती माझ्या नकळत माझ्या भावाकडे वहीवर ही मोजणी शिकायला जात होती. मी तिला नको ते बोललो. आठवडाभर आमच्यात शब्द नव्हता. आठव्या दिवशी तिनेच मला तपासणीला ओढून नेले. त्या वहीमुळे गाठ वेळेत सापडली, असे डॉक्टर म्हणतात.

कलम ३. हे कलम पत्नीला आणि मुलीला माहीत नाही. अक्षर वाईट आल्यास शेजारी बसलेल्या वकीलबाईंनी सांभाळून वाचावे.

एकोणीस वर्षांपूर्वी जोड्यांच्या स्पर्धेची अंतिम लढत होती. मी आणि भाऊ एका बाजूला. तो शाळेत गणित शिकवायचा, सगळे त्याला मास्तर म्हणत. टेबलाच्या कडेवरच्या खुणा मोजून बॉल कुठून कुठे जाईल हे काढण्याची त्याची स्वतःची पद्धत होती. एक क्रीडासंस्था ती पद्धत शिकवायला त्याला नेमणार होती. तिची माणसे पहिल्या रांगेत बसली होती.

आमचा फक्त शेवटचा काळा बॉल उरला होता, तो आत गेला की आम्ही जिंकलो. पाळी माझी होती. मध्ये समोरच्या जोडीचा उरलेला एक बॉल आडवा. क्यूने मारायचा पांढरा बॉल समोरच्या कडेवर आपटून फिरवून आणायचा होता.

"दादा, तिसरी खूण. डोळे मिटून मार," भाऊ म्हणाला.

"कापड नवीन आहे. बॉल घसरेल. तिसरीच्या जरा अलीकडे."

"मी कापड धरूनच मोजलंय."

पुढच्या रांगेतले एक गृहस्थ हसून म्हणाले, "मास्तरांचं ऐका हो." सगळी जिंदगी टेबलावर घातलेल्या मला! माझे पित्त खवळले. मी नेम तिसऱ्या खुणेवरच धरला, सगळ्यांना दिसेल असा. पण पांढऱ्याला मधोमध मारले नाही. केसभर डावीकडे मारले. तेवढ्याने कडेवरून उठताना त्याची वाट बदलते. हे मला माहीत होते. भावाचा आकडा चुकीचा दिसावा म्हणूनच तसे मारले. पांढरा काळ्याला शिवलासुद्धा नाही. पुढच्या पाळीत समोरच्यांनी आपला बॉल आणि काळा दोन्ही आत घातले, आम्ही हरलो.

"मास्तर नापास!" कोणीतरी ओरडले. हॉल हसला. मीही हसलो.

नेमणूक गेली. भावाने पुन्हा क्यू हातात धरला नाही, माझ्या घरी पाऊल टाकले नाही. मला वाटत आले की हरल्याचा राग असेल. मी तसेच सगळ्यांना सांगितले.

गेल्या महिन्यात नव्या कापडावर मी तीच मांडणी मुलीपुढे लावली, काही न सांगता. तिने खुणा मोजल्या, तिसरीवर क्यू रोखला. मग कापडावरून तळहात फिरवला, वाकून पाहिले आणि किंचित अलीकडे आली. काळा आत गेला. आम्ही दोघे भाऊ एकमेकांचे ऐकून थोडे थांबलो असतो तर जिंकलो असतो. यात त्याचा दोष तिळाएवढा, माझा डोंगराएवढा. ही कबुली त्या संस्थेला आणि हॉलच्या सूचनाफलकावर जशीच्या तशी द्यावी. मी वाचलो तरी द्यावी.

कलम ४. 'नापास' असे ओरडणारा, ती स्पर्धा भरवणाऱ्या क्लबचा चिटणीस होता. त्याला माझ्याकडून काहीही नाही. हॉलमध्ये खेळायला मात्र येऊ द्यावे. त्याच्या खेळाकडे पाहून माझ्या मुलीची करमणूक होईल.

कलम ५. भावाला मी काही देत नाही. साक्षीदाराला काही देता येत नाही असे वकीलबाई सांगतात, आणि पहिला साक्षीदार म्हणून मी त्यालाच बोलावले आहे. सही करण्याआधी त्याने हे सगळे वाचावे, एवढ्याचसाठी. मुलीने निरोप दिला तेव्हा तो "बघतो" म्हणाला. चारची वेळ दिली होती. आता सव्वाचार झाले आहेत. जिन्यावर कोणाचीही पावले वाजली की मी लिहायचा थांबतो.

पावणेपाच. वकीलबाई म्हणतात, दुसरा कोणी बघू या का? मी नको म्हटले.

तो आला आहे. खुर्ची भिंतीकडे ओढून वाचतो आहे.

वरील सर्व मी स्वतः लिहिले, वाचले आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली.

स्थळ: रुग्णालय, तिसरा मजला, खोली बारा
दिनांक: चौदा, मंगळवार, सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटे

(सही) लिहून ठेवणार, टेबलवाला

साक्षीदार दुसरा: (सही) याच मजल्यावरील परिचारिका

साक्षीदार पहिला: (सही) लिहून ठेवणाऱ्याचा धाकटा भाऊ, निवृत्त शिक्षक. कलम ३ मी वाचले. क्यूचे टोक डावीकडे सरकलेले मला त्याच क्षणी दिसले होते. तिथे बोललो असतो तर दादाला पुन्हा कुठल्याही टेबलापाशी कोणी उभे केले नसते. फलकावर काही लावू नये. उद्या सकाळी सातला मी इथे येतो आहे.