खांबाच्या डावीकडची चांदणी

१२ ऑक्टो.
माईंचं कार्तिकातलं ताराभोजन सुरू; इकडे उत्तरेत कार्तिक कोजागिरीनंतर लगेच लागतो. दिवसभर उपास, चांदणी दिसली की नमस्कार, मगच ताट. शहात्तर वय, त्यात साखरेचा आजार, पण सासूबाईंपुढे बोलायची कुणाची टाप आहे? आज पावणेआठपर्यंत छतावर उभ्या. नदीघाटाच्या खांबावरचा नवा दिवा थेट डोळ्यांत, आभाळ नुसतं पांढरं फटक. शेवटी एक अंधुकशी सापडली.
दिव्यासाठी पालिकेला अर्ज मीच लिहिला होता. गल्लीभर फिरून सह्याही मीच घेतल्या. केवढी मिरवले तेव्हा.

१५ ऑक्टो.
खोटं बोलले. माई घामाघूम. "दिसते का गं तुला?" म्हटलं, हो, ती बघा, खांबाच्या डावीकडे. काही नव्हतं तिथं. त्यांनी हात जोडले, दोन पोळ्या खाल्ल्या.

१९ ऑक्टो.
रोज तेच. साडेसहालाच 'दाखवते'. मलाही लवकर मोकळं होता येतं. लाज वाटते लिहायला.
माईंना झोप नाही, पडद्यातून उजेड येतो. डॉ. म्हणाले, झोप नाही म्हणूनही साखर वाढते. सकाळी खांबाखाली मेलेल्या किड्यांचा खच.

२३ ऑक्टो.
संध्याकाळी आख्ख्या घाटाची बिजली गेली. माईंनी वर बोलावलं. आभाळ चांदण्यांनी गच्च भरलेलं. "तुझी कुठंय?" खांबाच्या डावीकडे शेजाऱ्यांची पाण्याची टाकी. रात्री दिव्याच्या उजेडात ती कधी दिसलीच नव्हती.
"आठ दिवस टाकीला हात जोडले होय मी?"
ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

२४ ऑक्टो.
ते आठ दिवस माई कार्तिक संपल्यावर पुन्हा धरणार म्हणे. डॉ. नको म्हणतात. पाय धरले, म्हटलं चूक माझी, उपास मी करते. "तुझा तू कर, माझा मी करीन."

२६ ऑक्टो.
नवा अर्ज : दिव्याला वरून झाकण घाला, तोंड खाली करा. पहिलंच दार गल्लीतल्या मिश्राईनचं. "बहनजी, बत्ती आप ही लगवाईं. अब बिटिया अँधेरे में आएगी?" अंधार होणार नाही, फक्त उजेड खाली पडेल, सांगून थकले. सही नाही केली. रागावू कशी? 'मुली अंधारातून येतात' हे माझ्याच जुन्या अर्जातलं वाक्य.

२८ ऑक्टो.
सह्या तीन. दिवा तसाच.
आज माईंनी मलाच विचारलं, "दिसली का?" वाटलं, पुन्हा हो म्हणावं. कठड्याला धरून उभ्या होत्या त्या.
नाही म्हटलं.
त्यांनी मान हलवली, खुर्ची मागितली. ताट झाकून ठेवलंय. सव्वाआठ झालेत. दोघी छतावर आहोत.