शनिवारपर्यंत आपली बाजू कळवावी

प्रिय आप्पा,

आधी बातमी सांगावी, मत मागून, असं तुम्ही म्हणायचात. म्हणून आधी घडलं तेवढंच लिहिते.

१. तुमच्या दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळा शिवेना.
२. गुरुजींनी सगळ्यांना मागं सरून पाठ फिरवायला सांगितली. माणसं बघत राहिली की कावळा बुजतो, म्हणाले.
३. नानांनी पाठमोरं उभं राहून, हात जोडून, मोठ्यानं तुम्हाला शब्द द्यायला सुरुवात केली.
४. त्यांचा शेवटचा शब्द असा: तुझ्या धाकट्या मीनलला पत्रकारितेला घालतो, पुण्याला, मोठ्या कॉलेजात, हॉस्टेलसकट.
५. गुरुजी वळून म्हणाले, "शिवला."
६. मी पाठ फिरवली नव्हती.

सहावा मुद्दा कालपर्यंत घरात कुणालाच माहीत नव्हता.

आजच लिहायचं कारण सांगते. तुम्ही आणि नानांनी, दोघा भावांनी मिळून भोकरदनला घेतलेला प्लॉट आठवतो ना? तो विकायला काढून रविवारी नाना त्याचा इसार घेणार आहेत. सोमवारी त्यातून मीनलची पुण्याची जागा पक्की करणार आहेत. मेलेल्या माणसाला दिलेल्या शब्दात खर्च बघायचा नसतो, असं ते येईल त्याला सांगतात. मी बोलायला गेले की आई डोळ्यानंच गप्प करते. मग मी उठते, अंगणात जाते, परत येऊन बसते. जालन्याला कामावरही तेच. वजनकाटे तपासणं हे माझं रोजचं काम, आणि या आठवड्यात मी बरोबर असलेला काटा पुन्हा पुन्हा तपासत बसले.

हे तेच नाना, आप्पा. मीनलचा बारावीचा निकाल लागला त्या दिवशी ओट्यावर बसून काय म्हणाले होते? "पोरीच्या जातीनं दारोदार फिरून लोकांच्या भानगडी इचारायच्या? एक हाय की घरात तसा. बास झालं." तो एक म्हणजे तुम्ही. आणि तुम्ही हसलात.

हसलात का?

पहाटे पेपरचे गठ्ठे उतरवणारे तुम्ही, दुपारी पिंपळगावच्या बातम्या लिहिणारे तुम्ही, दिवाळीत जाहिराती गोळा करणारेही तुम्हीच. मला गणिताची पुस्तकं आणून दिलीत आणि माझ्या वाटेला सोडलंत. त्याबद्दल तक्रार नाही. मीनलला मात्र मोटारसायकलवर पुढं बसवून ग्रामसभेला नेलंत, बाजार समितीत नेलंत. कुणाविरुद्ध बातमी असली की पाठवण्याआधी त्या माणसाला तुमची चिठ्ठी जायची: आपली बाजू अमुक दिवसापर्यंत कळवावी, न आल्यास बातमी तिच्याशिवाय जाईल. ती चिठ्ठी घेऊन जायचं काम मीनलचं.

एकदा एका दुकानदारानं तिला भजी खाऊ घातली आणि उत्तर न देताच परत पाठवलं. भजी कशी होती, असं तुम्ही विचारलंत. कच्ची होती, ती म्हणाली. "मंग तेवढीच त्याची बाजू," तुम्ही म्हणालात आणि लिहायला बसलात. मीनल ही गोष्ट अजून सांगते, तुमचा आवाज काढून.

मग तिनं हेच शिकायचं म्हटल्यावर तुम्ही नाही का म्हणालात? "बी.एस्सी. कर. लिहायला कोन अडवून राह्यलंय?" एवढंच. कारण दिलं नाही. तुम्ही, जे प्रत्येकाकडून कारण मागून घ्यायचात! वर्षानुवर्षं बातम्या पाठवूनही तुम्हाला नोकरीचं पत्र कधी आलं नाही, ते कारण होतं का? की एखाद्या बातमीनंतर घरी कुणी येऊन काही बोलून गेलं होतं, जे तुम्ही आम्हाला सांगितलं नाहीत? की नानांचं म्हणणं तुम्हालाही पटत होतं? त्यानंतर पंधरा दिवसांत तुम्ही गेलात, आणि हा प्रश्न तसाच राहिला.

कॉलेजांचं मी माझ्या पद्धतीनं पाहिलं. काटा खरा की खोटा हे त्याच्या रंगावरून कळत नाही. माहीत असलेलं वजन ठेवून बघावं लागतं. मी मीनलला घेऊन पुण्याला गेले, संभाजीनगरलाही गेले आणि दोन्हीकडं तेच प्रश्न विचारले. शिकवणाऱ्यांनी स्वतः हे काम केलंय का? मुलांच्या हातात कॅमेरा कधी येतो? मुलं लिहितात ते कुठं छापून येतं?

पुण्यात आम्हाला गार हॉलमध्ये बसवलं, चकचकीत स्टुडिओ काचेतून दाखवला. माझ्या प्रश्नांवर माहितीपत्रक मिळालं. बाहेर चहाच्या टपरीवर दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा भेटला. त्याला विचारलं तर तो म्हणाला, पाहुणे आले की स्टुडिओ उघडतात.

संभाजीनगरच्या सरकारी विभागात पंखा खडखडत होता आणि कॅमेऱ्याचा पट्टा सुतळीनं बांधलेला होता. पण तो कॅमेरा एक मुलगी खांद्याला लावून बाहेर निघाली होती. तिथली मुलं दर महिन्याला स्वतःचा अंक काढतात आणि स्वतःच वाटतात. शिकवणाऱ्या बाईंनी बरीच वर्षं पेपरात काढलेली. त्यांनी मीनलच्या हातात जुना अंक दिला आणि म्हणाल्या, चुका शोध. ती जिन्यात बसून खुणा करत राहिली. बाईंनी पान पाहिलं आणि विचारलं, एका बातमीवर तू दुसरी बाजू नाही असं लिहिलंयस, हे कुणी शिकवलं? मीनल म्हणाली, वडलांनी. त्यानंतर बसस्टँडपर्यंत आम्ही दोघी एकमेकींकडं न बघता चाललो.

तिथली फी माझ्या पगारातून जाईल. प्लॉट विकावा लागणार नाही. कुठं शिकावं याबद्दल मला शंका उरलेली नाही. अडलंय ते कावळ्यापाशी.

आता सहावा मुद्दा पूर्ण सांगते. नाना एकेक शब्द देत होते. वहिनीला अंतर देणार नाही, पेपरची एजन्सी बंद पडू देणार नाही. कावळा फांदीवरच. ऊन चढलं होतं, मागं लोक कुजबुजत होते. नाना दम घ्यायला थांबले. तेव्हा आई माझ्या शेजारी, तुमच्याकडं पाठ करून, पुटपुटली, "जावा आता. पोरींचं मी बघते." आणि कावळा उतरला. मी त्याला पिंडावर चोच मारताना पाहिलं. त्यानंतर नानांनी पत्रकारितेचं नाव काढलं. पुणं तर त्याच्याही नंतर.

माझा कावळ्यावर विश्वास नाही. नाना गप्प झाले, शांत झालं, म्हणून तो उतरला असेल. पण नानांचा आहे, आईचा आहे, गावाचा आहे. मी नुसतं एवढं म्हटलं की नाना, तुम्ही पुणं म्हणायच्या आधीच शिवला होता, तर ते खरं आहे. नाना ऐकतील. प्लॉट वाचेल, मीनल संभाजीनगरला जाईल. सगळ्यांचं भलं.

आणि पूर्ण सांगितलं तर? पत्रकारितेचा शब्दही नानांच्या मानेवरून उतरेल. मग पुन्हा तोच ओटा आणि तेच बोलणं, शिवाय साक्षीला तुम्ही: खुद्द आप्पाच नको म्हणत होता.

काल पहाटे गठ्ठे आले. आम्ही दोघी पेपरांत पुरवण्या घालत बसलो होतो, तेव्हा मी मीनलला सगळं सांगितलं. अर्धं सांगून भागेल, असंही सांगितलं. तिनं हात थांबवला नाही.

"ताई, अर्धं सांगितलं तर ती बातमी न्हाई. जाहिरात झाली."

"तुझं शिक्षण जाईल, मीनल."

"मंग भांडू की नानासंगं. कावळ्याच्या नावानं शिकले तर गाव जन्मभर म्हणंल, हिला कावळ्यानं शिकवली." मग एक गठ्ठा बांधून झाल्यावर म्हणाली, "आनि आप्पाची बाजू कुठं घेतली तू? नको म्हणल्ते ते. त्यांना इचारलं का?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की जणू चिठ्ठी तयार आहे आणि कुणीतरी ती नेऊन द्यायची तेवढी बाकी आहे.

म्हणून हे पत्र.

मी तुम्हाला शब्द देते, आप्पा, आणि पाठ न फिरवता देते. रविवारी इसाराची माणसं यायच्या आधी मी नाना आणि आईला समोर बसवून सहाही मुद्दे सांगेन. कावळ्याचा आधार घेणार नाही, पुण्याविरुद्धही नाही आणि मीनलच्या बाजूनंही नाही. त्यानंतर मीनलनं खुणा केलेला तो अंक नानांच्या हातात देईन आणि मी पाहिलेलं दोन्ही कॉलेजांचं जसंच्या तसं सांगेन. नाना चिडतील. चिडू देत. मी उठून अंगणात जाणार नाही.

तुमच्याकडून एकच गोष्ट हवी आहे. तिला नको का म्हणालात?

आपली बाजू शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवावी. न आल्यास बातमी तिच्याशिवाय जाईल.

तुमची,
पल्लवी