मागच्या खोलीतली भाडेकरू

तीर्थस्वरूप दादा,

वीस वर्षांनी लिहितो आहे, तेही संशयापोटी. परसातली तुझी सुतारकामाची खोली मी भाड्याने दिली आहे. भाडेकरू एक नर्स आहे. खोली बघायला आली त्या दिवशीच तिने अडकलेली खिडकी आधी वर उचलली आणि मग ढकलली. ही युक्ती तुझ्यामाझ्याशिवाय कोणाला माहीत होती?

तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नव्हतं. वाटलं, खोलीवर हक्क सांगायला तूच हिला इथे पेरलं असणार. जपाला बसलो तरी कान परसाकडेच असत.

आज सरळ विचारलं, "कोणी पाठवलं तुला?"

ती हसली. "फार उशिरा विचारलंत, काका. बाबांनी पाठवलं. म्हणाले, इथल्या दवाखान्यात नोकरी लागलीय तर त्याच्याकडेच राहा, पण भाडेकरू म्हणून जा. पुतणी म्हणून गेलीस तर तो उंबऱ्यातही उभं करणार नाही."

दादा, मी तिला नक्की घरात घेतलं असतं, असं इथे लिहिलं होतं. देवापुढे बसून वाचलं आणि खोडलं. असं खाडाखोडीचं पत्र तुला कसं पाठवू?

तुझा,
धाकटा