खिळ्यावरची पाटी

आई, तू शाळेत पोरांसाठी रांधायचीस, तेव्हा त्या न बोलणाऱ्या मुलीला वाढायला तुला सगळ्यांत जास्त वेळ लागायचा. वरणाची आणि उसळीची, दोन्ही पळ्या तिच्यापुढे धरून तू बसायचीस आणि ती बोट लावेपर्यंत हलायची नाहीस. एकदा घाई झाली म्हणून मीच तिच्या भातावर वरण ओतलं. तू पळी काढून घेतलीस. "तिले विचारलं काय?" "ते तं बोलतच नाही, विचारू कायले?" मी म्हणाले. "बोलत नाही म्हणूनच तं विचारा लागते. तुह्यासारख्या बोलणाऱ्या आपलं मागूनच घेतात." सगळ्या पोरांसमोर बोललीस म्हणून मी दिवसभर फुगून बसले होते.

आता बोलता न येणाऱ्या मुलांना बोलण्याची दुसरी वाट करून देणं हेच माझं काम आहे. कारध्याहून निघते, तुमसरला बस बदलते आणि दर मंगळवारी आंबागडच्या बाजूच्या एका शाळेत जाते. तिथं नऊ वर्षांची एक मुलगी आहे. तिच्यासाठी मी पुठ्ठ्याची पाटी केली. पाटीवर चित्रं आहेत: पाणी, भूक, लघवी, दुखतंय, नाही. चित्राला बोट लावलं की तिचं बोलणं झालं. चार महिने तिनं पाटीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग एका मंगळवारी मी तिची सुटलेली वेणी घालायला गेले, तर तिनं 'नाही'वर बोट आपटलं. मी वेडी, तिथंच रडायला लागले.

पाटी गळ्यात राहावी म्हणून मी दोरी लावली होती. पण बाकीची मुलं ती ओढत, दोन चित्रं फाटली, आणि तपासणीला साहेब यायचे होते. म्हणून निघताना मी भिंतीत उंच खिळा ठोकला, पाटी टांगली आणि सरांना म्हटलं, लागली की काढून द्या. आपल्या शाळांत चांगली वस्तू अशीच जपतात. नकाशे गुंडाळून ठेवलेले, खेळणी कपाटात आणि कपाटाला कुलूप. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पुढच्या मंगळवारी मुलगी नव्हती. सर म्हणाले, "दोन दिवस त्या भिंतीपाशीच रडून राहिली होती, मॅडम. उचलून जागेवर बसवलं का पुन्हा तिथंच. भिंतीवर हात मारे. आमाले वाटलं, जिद्द करून राहिली." तिसऱ्या दिवशी तिच्या कानातून पू आला. आई, पाटीवर 'दुखतंय' होतं. तिला ते सांगता येत होतं आणि ती दोन दिवस तेच सांगायला धडपडत होती. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात, ते कुंपण मी आहे.

काल तिच्या घरी गेले. तिची आई अंगणात तांदूळ पाखडत होती. "घरी ते माहा हात धरते अन् दुखते तिथं नेऊन ठेवते," ती म्हणाली. "तुमच्या शाळेत कोणाचा हात धराचा तिनं? आता नाही पाठवत मी." आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. मी मुलीपुढे पाटी धरली. तिनं 'नाही'वर बोट ठेवलं आणि कापूस घातलेला कान माझ्याकडे करून बसून राहिली.

सोमवारी तिचे वडील नाव काढायला शाळेत येणार आहेत. एकदा नाव निघालं की अशी मुलं परत येत नाहीत, हे मी पुष्कळदा पाहिलंय. तू असतीस तर काय केलं असतंस, हे काल रात्रीपासून स्वतःला विचारतेय.

एक सांगायचं राहिलं. उठताना तिच्या आईनं विचारलं, "त्या सरानं येवढ्या वर कायले टांगली असन वो?" मी पायांत चप्पल घालत राहिले. मग वाटेला लागले. हे पत्र खरं तर तिला लिहायला हवं होतं. तुला लिहिलं, कारण तू वाचणार नाहीस.