व्हर्ननचा खोकला

प्रिय व्हर्नन,

शनिवारी तुला टीव्हीवर पाहायला अर्धं गाव आपल्या घरी दाटीवाटीनं बसलं होतं. देशभरातल्या हॉटेलांत नाणं टाकून ज्यूकबॉक्सवर वाजवलं जाणारं तुझं गाणं सुरू झालं आणि मध्येच तू खोकलास. गाणं मात्र चालूच राहिलं!

"पोरगं दोन गळ्यांचं निघालं की!" हार्लनकाका ओरडले. सगळे खो खो हसले. आई तेवढी उठून चुलीपाशी गेली.

कलाकारानं लोकांशी प्रामाणिक असावं, असं मी कॉलेजात शिकले. रेकॉर्ड लावून नुसते ओठ हलवणाऱ्यानं ईस्टरला आपल्या चर्चमध्ये गाऊ नये. तुला दिलेलं आमंत्रण रद्द करा, असं मी पास्टरना सांगणार आहे.

इथवर लिहून मी आईला वाचून दाखवलं. ती मक्याच्या पावाचं पीठ कालवत होती.

"त्याला येऊ दे," ती म्हणाली.

"आई, ही लोकांची फसवणूक आहे!"

"माझा आवाज केव्हाच गेलाय, अर्डिथ. दर रविवारी चर्चच्या गायकवृंदात, कॉयरच्या पहिल्या रांगेत मी नुसते ओठ हलवते. परवा 'आई, काय सुरेख गायलीस!' असं कोण म्हणालं?"

मीच म्हणाले होते.

"माझ्या शेजारी खरं गाणारं कुणीतरी हवंय गं. आणि त्याला सांग, खोकला आला की मान खाली घालून प्रार्थना करायची. मी तेच करते."

हे पत्र आता चुलीत जाईल. दुसऱ्यात एवढंच लिहीन: ईस्टरला ये, आईला चिकटून उभा राहा आणि दोघांपुरतं गा.

तुझी, तत्त्वं थोडी सैल झालेली बहीण,
अर्डिथ