अकरा मात्रा आणि दारातली नवरी

९ नोव्हेंबर, रविवार
दहा ते एक तालीम. तुळशीचं लग्न उरकलं, म्हणजे हरेशच्या गोडाऊनमधली सिंहासनं उद्यापासून एकेक करून बाहेर पडणार. हरेश आमचा ड्रमर, पोटापाण्याला मंडप डेकोरेटर. दिवा स्टेशनच्या अलीकडे गावातल्या घरामागे त्याचं पत्र्याचं गोडाऊन आहे. पावसाळाभर ते लाल सोफे, मखमली पडदे आणि प्लास्टिकच्या फुलांनी गच्च भरलेलं असतं, तेव्हा आमचा आवाज परदेशी स्टुडिओतल्यासारखा येतो. लग्नसराई लागली की माल बाहेर, आणि आम्ही रिकाम्या डब्यात वाजवल्यासारखे वाजतो. आमची कला मुहूर्तांवर चालते.

बँडचं नाव खाजण, खाडीकाठच्या खाऱ्या चिखलावरून. प्रोग्रेसिव्ह मेटल. म्हणजे गाणं सतरा मिनिटांचं, आणि श्रोता नवव्या मिनिटाला पाणी प्यायला गेलेला. जेसिंटा बास वाजवते आणि गाते. सकाळी ठाण्याच्या चर्चमध्ये देवाची स्तुती, दहा वाजता आमच्याकडे येऊन घशातून गुरगुर. देव समजून घेत असावा. मी गिटार. वय ४९, कमरेला पट्टा.

मेल आला! बंगळुरूच्या आयोजकांचा. जानेवारीत चार शहरं, एका मोठ्या बँडच्या आधी चाळीस मिनिटं. त्यांना आमचं ‘मागं सरलेलं पाणी’ आवडलंय, विशेषतः त्यातली अकरा मात्रांची धून. ‘हे अकरा कुठून आणलंत?’ असं विचारलंय.
हरेश नवरदेवाच्या सिंहासनावर मांडी घालून बसला. “दादा, चार शहरं. आपल्याला मुंब्र्याच्या पलीकडे कोन वलखत नाय.”

११ नोव्हेंबर
आयोजकांचा फॉर्म भरत बसलो. ‘तुमच्यावरील प्रभाव’ असा रकाना. प्रत्येक बँड इथे थंड देशांतली दहा नावं टाकतो. मीही टाकली. त्यातले सहाच बँड ऐकलेत. डोंबिवलीच्या उकाड्यात बसून हिमवादळाने प्रभावित होणं ही आमच्या पिढीची खरी कमाई.

शेवटी प्रतिज्ञापत्र: ‘ही रचना पूर्णतः आमची आहे.’ तिघांच्या सह्या. पाच डिसेंबरपर्यंत.
वैशाली मागून वाचत होती. “पूर्णतः?”
“स्वप्नात सुचलेली आहे.”
“सहा वर्षं हेच सांगतोयस,” म्हणाली आणि वह्या तपासायला गेली. शाळेतल्या बाईंना नक्कल ओळखायची सवय असते. लग्नाला एकवीस वर्षं झाली तरी मी अजून त्यांच्या वर्गात.

१४ नोव्हेंबर
कोपर स्टेशनजवळ खाडीच्या बाजूला फिरून आलो. ओहोटी होती. चिखल चांदीसारखा, वर एकच बगळा, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा. अशा वेळी ती धून आपोआप डोक्यात सुरू होते. बाईच्या आवाजात येते, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. शब्द नसतात. लांबून, पाण्यावरून आल्यासारखी. अकरा मात्रा, की पुन्हा पहिल्यापासून. घर कधी आलं कळलं नाही. भाजी आणायची राहिली.

१६ नोव्हेंबर, रविवार
आज जे झालं ते नीट लिहून ठेवायला हवं.

साडेअकराला गाणं रंगात. शटर अर्धं उघडं होतं, त्याखालून एक म्हातारी वाकून आत आली. हिरवं लुगडं, हातात पिशवी. हरेशची मावशी. त्यांच्या आगरी लग्नांत धवले गाऊन लग्न लावणारी धवलारीण. भटजी नंतर, आधी ही. चौरंग न्यायला आलेली. आम्ही थांबलो.
“वाजव रं, वाजव,” म्हणाली.
पुन्हा वाजवलं. डोळे मिटून ऐकलं. मग हरेशकडे बघून, “आरं, नवरीला दारान कशाला उभी केली?”
“कुठली नवरी?” जेसिंटाने विचारलं.
“यो नवरीला घरान घेताना बोलतांव तो धवला हाय. तुमी अर्ध्यावर सोरलाव. बिचारी कवापासून उभी हाय.”
चौरंग उचलून गेली. सोबत दोन पाट पण.
जेसिंटा माझ्याकडे बघत होती. मी तारा पुसत होतो. स्वच्छच होत्या.

१७ नोव्हेंबर
कपाटातून जुना मोबाइल काढला, चार्जर शोधण्यात तासभर गेला. सहा वर्षांपूर्वीचं रेकॉर्डिंग सापडलं. हरेशच्या धाकट्या भावाची हळद. मी मुद्दाम रेकॉर्ड केलेली, साप्ताहिकातल्या माझ्या सदरासाठी. ‘डीजे आणि दिगंत’ असा लेख लिहिलेला. हळदीच्या गोंगाटावर सडकून टीका. लोकांना आवडला होता. हाउसिंग सोसायट्यांनी जिन्यात चिकटवलेला.

चाळीस मिनिटं नुसता धडधडाट. शेवटी एक तुकडा दुसऱ्या दिवशी सकाळचा; चुकून बटण दाबलं गेलं असणार. भांडी, एक लहान मूल, कुणीतरी “चाय कुठंय” म्हणतंय, आणि मागे, लांबून, एका बाईचा आवाज.

वैशाली दारात उभी राहून ऐकत होती. दोनदा ऐकलं तिने.
“हेच का तुझं स्वप्न?”
सेहेचाळीस सेकंद आहेत. मग बॅटरी संपलेली.

म्हणजे ज्या गोंगाटाला मी चार कॉलम झोडपलं, त्याच्याच खालून हे उचललं. आणि वर सहा वर्षं झोपेला श्रेय दिलं.

२० नोव्हेंबर
दोघांना सांगितलं. डोंबिवली पश्चिमेला, कटिंग चहावर.
जेसिंटा फाडकन म्हणाली, “अरे शिरीष, मग काय झालं? सही कर. आमच्या ईस्ट इंडियनांत लग्नाआधी वाजतगाजत विहिरीवर उंबराचं पाणी आणायला जातात, त्या गाण्यांच्या चाली कुणाच्या आहेत सांग बघू? ह्या आगऱ्यांकडून आम्ही घेतल्या की आमच्याकडून ह्यांनी, दर्याला ठाऊक.”
“पण पूर्णतः आमची असं लिहून द्यायचंय.”
“तुझ्या लेखात तू सगळं खरं लिहितोस?”
मी बिस्किट बुडवलं. ते पडलं.
हरेशने चहा संपवला. मग म्हणाला, “दादा, तो लेख मी मावशीला वाचून दाखवलेला.”
“काय म्हणाली?”
“हसली. बोलली, पोराला झोप नाय लागली वाट्टं.”
ठरलं ते असं: मावशीने हो म्हटलं तर सही. नाही म्हटलं तर जेसिंटा माझ्याशी बोलायचंच बंद करणार, हे तिने डोळ्यांनी सांगितलं. चौदा वर्षं बँडमध्ये आहे ती. डोंबिवलीबाहेर एकदाच वाजवलंय आम्ही, बदलापूरला. तेही एका दुकानाच्या उद्घाटनाला.

२३ नोव्हेंबर, रविवार
तालीम नाही. मावशीकडे गेलो. अंगणात सुकट वाळत घातलेली, ती मांजरावर नजर ठेवून बसलेली. बाजूला बसवून घेतलं. मी शहाण्यासारखा मोबाइल पुढे केला. तिने स्वतःचा आवाज ऐकला, मान हलवली.
“तवा आवाज होता.”
म्हटलं, मावशी, पुढचं एकदा गाऊन दाखवाल? आणि ही चाल घेऊन आम्ही बाहेरगावी जाऊ का?
“लगीन कोनाचा हाय?”
“कुणाचंच नाही. स्टेजवर वाजवायचंय.”
“मंग नाय. लगीन नाय तं धवला कशाला? मी काय रेडिओ हाय?”
मांजराला चप्पल मारली. चुकली. मग माझ्या पडलेल्या चेहऱ्याकडे बघून: “चार तारखेला हरेशचे भाच्याचा लगीन हाय. ये. आयक. मंग बगू.”
“रेकॉर्ड करू?”
“कान नाय तुना?”

दिव्याहून परत येताना गाणं डोक्यात आलं नाही. पहिल्यांदाच. मोकळं मोकळं वाटलं आणि चोरी झाल्यासारखंही.

२९ नोव्हेंबर
आयोजकांचा फोन. तरुण, गोड, घाईत. पोस्टर तयार आहे म्हणे. काळ्यावर पांढरा मोठा ‘११’. “सर, हे अकराच तुमची ओळख आहे. सह्यांचं काय, नुसती फॉर्मॅलिटी आहे.”
पोस्टर बघितलं. सुंदर आहे. खोटं कशाला लिहू, पाच मिनिटं नुसता बघत बसलो. खाली बारीक अक्षरात खाजण. बंगळुरूच्या एखाद्या भिंतीवर आमच्या चिखलाचं नाव.

दुपारी झोपलो तर स्वप्न पडलं. मोठं स्टेज, समोर हजारो माणसं, सगळी खाडीत गुडघाभर पाण्यात उभी. मी वाजवतोय. स्टेजच्या कडेला हळद लावलेली मुलगी उभी, हातात नारळ. मला विचारते, अजून किती वेळ?

४ डिसेंबर
लग्न. सकाळी आठला पोचलो. सदरा घातलेला. वैशाली म्हणाली, कोर्टात चाललास का.

हरेशचाच मंडप. आमच्या तालमीतलं लाल सिंहासन तिथे भलतंच रुबाबदार दिसत होतं. जेसिंटा फुगलेली होती, पण आलेली. मावशी अंगणात बसली, मागे दोन बायका. तिने ओळ म्हणायची, त्या दोघींनी झेलायची. तासभर चाललं. हळदीचा, ओल्या मातीचा, तांदळाचा वास. ऐकता ऐकता मी कुठल्या कुठे गेलो. मंडपाच्या झालरी हलत होत्या आणि वाटत होतं आवाजानेच हलताहेत.

मग नवरी दाराशी आली, आणि ती सुरू झाली. माझी धून. तिची धून.

सवयीने मोजू लागलो. नऊ, दहा, अकरा आणि... मावशीने श्वास घेतला. पूर्ण एक मात्रा. खांदे वर झाले, खाली आले. मग पुढची ओळ. पुन्हा अकरा, पुन्हा श्वास. दर वेळी. मोबाइलमध्ये भांड्यांच्या आवाजात तो श्वास कधी ऐकूच आला नव्हता.

बारा आहेत. साध्या सरळ बारा. चौदा वर्षं विषम मात्रांचा तोरा मिरवणाऱ्या माणसाने म्हातारीचा श्वास कापला, आणि त्याला प्रतिभा म्हणत फिरला.

हरेश अक्षतांची ताटली घेऊन शेजारी उभा होता. त्याच्या कानात म्हटलं, “हरेश, बारा आहेत.”
“मना म्हाईत हाय ना.”
“मग सहा वर्षं बोलला का नाहीस?”
“तू अकरा बोल्लास. मना वाटला, विंग्रजीत अकरा असतील.”

तेवढ्यात मावशी ओळ म्हणून थांबली. मागच्या बायकांनी झेलायची, तर तिने हात वर करून त्यांना गप्प केलं आणि माझ्याकडे बघितलं. सगळं अंगण माझ्याकडे बघू लागलं. नवरी उंबरठ्यावर, पाय उचललेला.

जेसिंटाने कोपर मारलं. “झेल ना रे.”

तोंड उघडलं. जे निघालं त्याचं वर्णन करणार नाही. माझ्या सदरात मी कुणाची एवढीही कीव केलेली नाही. दुसऱ्या ओळीला जेसिंटाने धरलं, चर्चच्या आवाजात, गुरगुर नाही. श्वास जिथे होता तिथे आम्ही दोघांनी घेतला.
नवरी आत गेली.

नंतर मावशी पायरीवर बसून हात धूत होती. विचारलं, मग मावशी, गाणं नेऊ?
“आजून कच्चा हाय.” पाणी झटकलं. “येत रव.”
हे हो की नाही, हरेशलाही सांगता येईना.

५ डिसेंबर
सकाळी जेसिंटाचा फोन. मला वाटलं भांडणार. म्हणाली, “माझी सही नको घेऊस त्या कागदावर. आणि ऐक, त्या जागेत बास पण थांबवू या. काहीच नको. नुसता श्वास.” पलीकडे रडत होती की हसत होती, कळलं नाही.

आयोजकांना मेल पाठवला: रचना पूर्णतः आमची नाही. अकरा नसून बारा आहेत, त्यातली एक रिकामी. जिच्याकडून घेतली तिने अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. प्रभावांच्या रकान्यातली दहाही नावं खोडली आहेत. एका बाईंचं नाव लिहायचं आहे, त्यांना विचारून कळवतो. पोस्टर फार छान झालंय.

दुपारचे चार. उत्तर नाही.

हरेशचा टेम्पो मघाशी आला म्हणे, सिंहासनं परत गोडाऊनमध्ये. आवाज चांगला येईल. रविवारी दहाला. मावशीला पुढचं लग्न कधी आहे ते विचारायचं.